टाले सरांचा मिस्ड कॉल

टाले सर कुठल्याही शाळेत गेले की आधी टीव्हीचा वास घेतात.

मी गंमत करत नाही. मुख्याध्यापक 'या सर, बसा सर' म्हणत खुर्ची पुढे करतात, कोणीतरी चहा सांगायला पळतं, आणि आमचे टाले सर चपला काढून थेट भिंतीवरच्या स्मार्ट टीव्हीपाशी जातात. त्याच्या पाठीमागच्या जाळीला नाक लावतात, डोळे मिटतात आणि लांब श्वास घेतात. मग वळून, घरातलं कोणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणतात, "नव्याचा वास येऊन राहिला." मुख्याध्यापक खूश होतात. दोन वर्षं झाली तरी आपण वस्तू नवीकोरी ठेवली, याचं हे कौतुक आहे असं त्यांना वाटतं. सर मात्र कपाळाला हात लावून खाली बसतात आणि त्यांना चहा गोड लागत नाही. मला लागतो. मी त्यांच्या वाटचाही पितो.

आमची ओळख सांगायला हवी. प्रत्येक तालुक्यात शाळांना मदत करण्यासाठी गटसाधन केंद्र नावाची एक जागा असते. आमचं केंद्र एका जुन्या इमारतीत, मोडक्या बाकांच्या ढिगाऱ्याआड आहे. आम्ही दोघंही मूळचे जिल्हा परिषदेचे मास्तर. पण मुलांना मराठी का येत नाही हे बघायला मला इथं आणून बसवलं आणि शाळा डिजिटल का होत नाहीत हे बघायला टाले सरांना. दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही, त्यामुळे दोघांच्याही खुर्च्या सुरक्षित होत्या. शाळाभेटीला आम्ही सरांच्या मोटारसायकलवरून जायचो. सर पुढे, मी मागे आणि माझ्या मांडीवर केंद्राचा प्रोजेक्टर. लेकुरवाळी बाई माहेरी निघावी तसा मी अख्खा तालुका हिंडलो आहे.

सर पुसेगावचे. उंच, किडकिडीत, खिशात टेस्टर, आणि गळ्यात एकाच दोऱ्यात तुळशीची माळ आणि पेन ड्राइव्ह. कोणी हसलं तर शांतपणे सांगायचे, "एकात देव हाय, एकात चौथीचं गणित. दोन्ही मला अजून पावले न्हाईत." मला ते नावानं हाक मारत नसत. 'मराठीवाले' म्हणत. जणू मी हातगाडीवर मराठी विकतो.

त्यांच्या पदाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. तालुक्यानं त्याचा अर्थ एका शब्दात लावला होता, वायरवाला. सरपंच मोबाइलचा पासवर्ड विसरले, बोलवा टाले सरांना. आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या मेव्हण्याचा प्रिंटर अडकला, बोलवा टाले सरांना. एका गावात तर लग्नात डीजे बंद पडला तेव्हा वराकडच्या मंडळींनी त्यांना पंगतीतून उठवून नेलं होतं. सर जायचे, करून द्यायचे आणि परत येताना मोटारसायकलवर माझ्याशी भांडायचे. म्हणायचे, "मास्तर शिकवतो ते लेकराला कळून राहिलं का न्हाई, एवढं बघणं माझं काम. मशीन मधी आलं तर आलं, न्हाई तर न्हाई. पण हे सांगावं कोणाला?" मला सांगून उपयोग नव्हता. वाऱ्यानं मला निम्मं ऐकूच येत नसे.

शाळांचं काय सांगावं. एका शाळेत टीव्हीला मॅडमनी स्वतः विणलेलं झालरीचं टोपडं घातलं होतं. दुसऱ्या शाळेत टीव्ही कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक मीटिंगला. टीव्ही बाहेर निघाला तर रिमोट सापडेना. तो मुख्याध्यापकांच्या घरी गेला होता, कारण घरचा नातवानं मोडला होता. सरकारी वस्तू आहे, काही झालं तर कोण भरून देणार, हे उत्तर सगळीकडे तयार. कुरुंद्याच्या बाजूच्या एका गावात हळद शिजवून, वाळवून, ढोलात घोळसून चकचकीत निघायच्या दिवसांत प्रोजेक्टर खिडकीशी ठेवला होता. त्याच्या पंख्यानं इतकी हळद ओढून घेतली की पडद्यावर हिमालयसुद्धा पिवळा दिसायला लागला. सरांनी तो खोलून झटकला तेव्हा माझा पांढरा शर्ट नवरदेवाचा झाला. आणि एका शाळेनं दसऱ्याला टॅबची पूजा केली. शस्त्रं पूजतात, मग हे का नको? मनापासून केली. चार्जिंगच्या खाचेत हळदीकुंकू, वरून नारळाचं पाणी. सगळे टॅब एकदमच देवाघरी गेले.

त्या दिवशी सर रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "निदान हात तरी लावला त्यांनी."

सगळ्यात वाईट म्हणजे फोटो. 'डिजिटल वर्गाचे फोटो आज पाच वाजेपर्यंत ग्रुपवर टाका' असा निरोप आला की तालुक्यातले सगळे टीव्ही एकाच वेळी लागायचे. सर ते फोटो चष्मा कपाळावर चढवून बघायचे. एकात पोरं टाळ्या वाजवत होती आणि टीव्हीवर नुसता निळा पडदा होता. सिग्नल नाही, एवढीच अक्षरं. त्या फोटोला साहेबांनी अंगठा दिला होता. सरांनी फोन पालथा घालून ठेवला.

त्यांची स्वतःची पद्धत अगदीच वेगळी होती. शिक्षक म्हणायचे, सर, भागाकाराचा एखादा व्हिडिओ द्या. सर विचारायचे, "आधी दुखतं कुठं ते सांगा." मग स्वतः पोरांमध्ये मांडी घालून बसायचे, एकेकाला गणित करायला लावायचे, मध्ये बोलायचे नाहीत. तासाभरानं उठून सांगायचे, ह्यांचा भागाकार दुखत नाही, वजाबाकी दुखते, चिंचोके आणा. तालुक्यातला एकमेव तंत्रज्ञ येतो आणि चिंचोके आणायला सांगतो, म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? ह्याला कॉम्प्युटरमधलं काही येत नाही, अशी त्यांच्याबद्दल हळूहळू खात्री झाली.

निकिता त्यांना अशीच सापडली.

जवळा बाजारच्या पुढं एक तांडा आहे. चौथीपर्यंत शाळा, एक शिक्षक. तिथल्या गुरुजींनी कौतुकानं एक पोरगी उभी केली. निकिता आडे, चौथीत, वर्गात पहिली. तिनं पुस्तकाचं पान घडाघडा वाचलं. मी मराठीवाला, मी 'शाब्बास' म्हणून मोकळा झालो. टाले सर उठले, तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि उलटं करून परत तिच्या हातात दिलं. पोरगी वाचतच राहिली. तसंच, घडाघडा, एकही चूक नाही.

गुरुजींचा चेहरा पडला. पोरगी भ्यायली. सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, हुशार आहेस म्हणून कोणाला कळलं नाही बघ. सगळं पुस्तक तिला पाठ होतं. अक्षर एकही ओळखीचं नव्हतं.

पुढे पावसाळाभर सर त्या तांड्यावर जात राहिले. पुस्तक बंद केलं. पुस्तकात जे नाही तेच वाचायचं, म्हणजे पाठ असण्याचा प्रश्नच नाही. पहिल्यांदा त्यांनी पाटीवर 'याडी' लिहिलं. तांड्यावरच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात, आणि शाळेच्या कुठल्याही पुस्तकात तो शब्द नाही. पोरगी अक्षराला अक्षर जोडत राहिली. 'या' म्हणाली, थांबली, 'डी' म्हणाली, आणि एकदम तोंडावर हात धरून सरांकडे बघायला लागली. तिची आई पाटीत कशी आली, असं झालं तिला. इतकी वर्षं मी मराठी शिकवतो, कोणाचं तोंड असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. मला सरांचा हेवा वाटला.

दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला निघाला. निकितालाही जायचं होतं, कारण आईबाप उसाच्या फडात गेल्यावर कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, तान्हा भाऊ सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. सर अडवायला गेले. तिच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, "सर, दर साली जाते आन सगळं इसरून येते. यंदा ध्यानात ठिवलं तर पुढं शिकवू. इसरून आली तर बस झालं. मंग मोळ्याच बांधंल." बाई वाईट बोलत नव्हती. तिच्या बाजूनं तिनं शाळेला एक शेवटची संधी दिली होती.

आणि ती सरांनी स्वतःवर घेतली.

आधी त्यांनी रात्रंदिवस खपून छान व्हिडिओ केले. रंगीत, गाण्यांचे. ते कोणी पाहिलेच नाहीत, कारण कोपीवर होता आईचा बटणांचा फोन. सर हळहळले नाहीत. "दुखणं पायाचं, आन मी डोळ्यात थेंब घालून राहिलो," म्हणाले आणि सगळं पुसून टाकलं. मग आवाजाचे धडे केले, तेही त्या फोनवर पोचेनात. होता होता एवढंच उरलं की दुपारी भाऊ झोपला की निकितानं एक मिस्ड कॉल द्यायचा, सरांनी उलटा फोन लावायचा, आणि समोर जे काही लिहिलेलं दिसेल ते तिनं वाचायचं.

आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, टाले, तुमचा यंदाचा नवोपक्रम काय? सर उभे राहून म्हणाले, मिस्ड कॉल. सभागृह हसलं. साहेबही हसले, मग काळजीत पडले. म्हणाले, अहो पण ह्याचा फोटो कसा काढणार?

तेव्हापासून आमच्या केंद्रात रोज दुपारी चहाच्या वेळेला एक रिंग वाजून बंद पडायची. सर कप खाली ठेवायचे, फोन लावायचे आणि ओरडायचे, "हां, वाच." ओरडायचे, कारण ती फार लांब आहे असं त्यांना वाटायचं. तंत्रज्ञान शिकवणारा माणूस हा. पलीकडून बारीक आवाज यायचा. ऊस वाहतूक. सावकाश चला. आई तुळजाभवानी प्रसन्न. ट्रॅक्टरच्या पाठी, दुकानाच्या पाट्या, खताची पोती. एकदा तिनं 'येथे थुंकू नये' वाचलं आणि स्वतःच हसली, कारण त्याच्याखालीच सगळे थुंकले होते. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. हळूहळू आम्हा सगळ्यांनाच सवय झाली. रिंग उशिरा आली की शिपाईसुद्धा विचारायचा, काहून, आज पोरीचा फोन न्हाई?

संक्रांत झाली आणि काहीतरी बिघडलं.

एक दिवस निकिता म्हणाली, आज वाचता येईना. सर म्हणाले, असू दे, उद्या वाच. उद्याही तेच. परवाही तेच. नुसती गप्प. मग सरांचा तोल गेला. आम्हा सगळ्यांसमोर ते फोनवर त्या पोरीला वाटेल तसं बोलले. एवढं शिकवलं, पाण्यात गेलं, आईला काय सांगशील. पलीकडून रडण्याचा आवाज आला. "सर, म्या इसरले. सगळंच इसरले. एक बी अक्षर येईना."

सरांनी फोन तसाच कानाला धरून ठेवला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी पुन्हा आपल्या जुन्या वाटेनं सुरुवात केली. पाटीवर 'क' आहे का? नाही. 'र' आहे का? नाही. काना दिसतो का, उभी काठी? नाही. अक्षरांच्या डोक्यावर रेघ तरी आहे का? रेघ न्हाई, ती म्हणाली. सर थबकले. मग विचारलं, अक्षरं दिसतात कशी?

"गोल गोल हायेत सर. जिलेबीवाणी. एकेकाच्या डोक्यावर तुरा हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्या आधी कळलं होतं. टोळी सीमा ओलांडून कर्नाटकात गेली होती. पाटी कानडी होती.

तिथली माणसं वेगळं बोलतात, एवढं तरी तिनं सांगायचं, असं मी नंतर वैतागून म्हणालो. सर म्हणाले, तिला त्यात काय सांगण्यासारखं वाटणार? घराबाहेर पडल्यापासून तिच्याभोवती सगळे वेगळंच बोलतात. आधी मराठी, आता कानडी.

ती विसरली नव्हती, हे कळल्यावर सर दोन दिवस पोरासारखे आनंदात होते. मग त्यांना मूळ दुखणं दिसलं. समोर वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बिस्किटाच्या पुड्यावर मागे हिंदी असतं, असं मी सुचवलं. तिचं उत्तर आलं की पुडा आणल्यावर वाचते. तो काही आला नाही.

तेव्हा सरांनी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, कानडी अक्षरं शिकायला घेतली. 'माझी शाळा डिजिटल शाळा' ह्या फलकावर त्यांनी कानडी बाराखडीचा मोठा तक्ता चिकटवला. साहेब येऊन बघून गेले. सरांबद्दल बोलणं आता सगळ्यांनीच सोडलं होतं. मोटारसायकलवरही पुटपुटणं सुरू. मी मागे प्रोजेक्टर धरून जीव मुठीत घेऊन बसायचो.

आणि मग ते अजब काम सुरू झालं. निकिता जिथे बसायची तिथून एक पाटी दिसायची. तिच्यातला शेवटचा, सगळ्यात लहान शब्द त्यांनी धरला. ती फोनवरून आकार सांगायची, सर तक्त्यावर बोट फिरवत तो आकार शोधायचे आणि सापडला की त्याचा उच्चार तिला सांगायचे. दोन गोल एकमेकाला चिकटलेत, एकाची शेपटी वर गेली. कोणती शेपटी? म्हशीवाणी का बकरीवाणी? बकरीवाणी. आम्ही सगळे तक्त्याभोवती. शिपाई म्हणायचा हे, मी म्हणायचो ते. कितीतरी दुपारी त्यात गेल्या. शेवटी एक दिवस सरांचं बोट थांबलं आणि तिकडे फोनवर ती, इकडे सर, दोघांनी एकदमच वाचलं, "शाले."

केंद्रात टाळ्या पडल्या. मीच वाजवल्या. सर आनंदानं ओरडले, "निकिता, शाले म्हंजे शाळा. अगं, ती शाळा हाय तुझ्यासमोर."

"ठाऊक हाय की सर," ती म्हणाली. "म्या रोज शाळेच्या भिंतीलाच बसते. हितं सावली हाय. आत पोरं वरडून राहतेत, ते ऐकू येतंय."

टाळ्या थांबल्या. सरांनी विचारलं, मग आत का जात नाहीस? ती म्हणाली, लहान्या रडतो ना. त्याला घेऊन कसं जाणार?

सरांनी तिला तसंच उठवलं. फोन घेऊन आत जा, तिथल्या गुरुजींना दे. मग आम्ही एक संभाषण ऐकलं. तिकडून कानडी, इकडून मराठी आणि मध्ये दोघांची मोडकी हिंदी. पलीकडचा माणूस चांगला होता. 'आने दो, बच्चे को भी लेके आने दो' असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सरांनी त्याच्याकडून गावाचं नाव विचारून घेतलं, हात जोडले, फोनवरच, आणि फोन ठेवल्यावर बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. 'उद्यापासून ती शाळेत,' असं त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रिंग आली नाही. शाळेत असेल, आम्ही म्हणालो. त्यानंतरही आली नाही. सरांनी फोन लावला तर एक कानडी बाई यंत्राच्या आवाजात काहीतरी सांगत होती. सर ते शेवटपर्यंत ऐकायचे. पुन्हा लावायचे, पुन्हा ऐकायचे.

पाडव्याच्या आगेमागे तांडा परत आला. आडे कुटुंब आलं नाही. सोबतच्या लोकांनी सांगितलं की तिकडचा ऊस संपला, टोळी फुटली, आणि ते लोक तिथूनच कोण्या वीटभट्टीवाल्यासोबत पुढे गेले. कुठे? तिकडंच कुठंतरी. फोन? पाण्यात पडला वाटतं. सांगणाऱ्याला हे सांगताना काही विशेष वाटत नव्हतं. माणसं जातात, येतात, कधी येत नाहीत. सर दारात उभे राहून त्याच माणसाला तेच तेच विचारत राहिले. शेवटी मी त्यांना दंडाला धरून गाडीवर बसवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच गाडी मी चालवली.

मे महिन्याच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, चला, कर्नाटकात जाऊन येऊ. त्यांची बायको पुण्याला मुलाकडे नातवंडं सांभाळायला असते. सुट्टीत तिकडे जा की, मी म्हणालो. म्हणाले, तिथं मला कोण विचारतं. ती तिथे नाही, हे ठाऊक असताना जाऊन काय करणार, हेही मी म्हणालो. पण पिशवी भरली. त्यांना एकट्याला सोडवेना.

सोलापूरला गाडी बदलली. पुढे पाट्या कानडी झाल्या आणि सर खिडकीतून एकेक पाटी वाचायला लागले. न अडखळता. अर्थ एकाही शब्दाचा कळत नव्हता.

गावाबाहेर उसाची रानं रिकामी पडली होती. शाळा सापडली. सुट्टी असल्यानं कुलूप. एक माणूस बादलीत चुना कालवून भिंती रंगवत होता. फाटकावरच्या पाटीसमोर सावलीची भिंत होती, तिथे सर गेले. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्यामागे.

भिंतीवर अगदी खाली, पोर बसलं की हात पोचेल एवढ्या उंचीवर, कोळशानं लिहिलेलं होतं. वर ती कानडी जिलेबी, वाकडीतिकडी. तिच्याखाली मराठीत शाळा. आणि त्याच्याखाली, वहीच्या पहिल्या पानावर लिहितात तसं, निकिता आडे, इयत्ता चौथी.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसून तिनं आपलं नाव घातलं होतं.

सर तिथेच जमिनीवर बसले. मीही बसलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पाठ केलेलं नव्हतं ते. तिचं तिनं जोडून लिहिलं होतं.

चुना लावणारा माणूस भिंत संपवत आमच्यापर्यंत आला. सर उठून त्या अक्षरांना पाठ लावून उभे राहिले आणि त्याला काही सांगू लागले. पण सांगणार कुठल्या भाषेत? त्यांना कानडी वाचता येत होतं, बोलता एक वाक्यही येत नव्हतं. ते मराठीत सांगत राहिले, तो कानडीत विचारत राहिला. मग तो बाजूला बसला, त्यानं बिडी ओढली, ती संपवली आणि पुन्हा समोर येऊन उभा राहिला. त्यालाही संध्याकाळपर्यंत भिंत पुरी करायची होती. सर बाजूला झाले.

परतीच्या गाडीत मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, सर, विसरली नाही ती. जिथे असेल तिथे एखादी पाटी वाचत असेल बघा.

"वाचत असंल हो," सर म्हणाले. "पण ऐकायला कोन हाय?"